उचल आणि खाडा : ऊसतोडणीच्या करारातील मजुरीचा हिशेब

मजुरी म्हणजे केलेल्या श्रमाचा मोबदला, ही व्याख्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास इतकी परिचित असते की तिच्यात एक क्रम गृहीत धरलेला आहे, ही गोष्ट त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. आधी काम, मग मोल, आणि मोलातून काही कापावयाचे असल्यास ते त्यानंतर, असा तो क्रम होय. कामगारविषयक कायद्यांतील वजावटीची सारी कलमे ह्याच क्रमावर उभी आहेत. महाराष्ट्रातील ऊसतोडणीच्या करारात मात्र हा क्रम उलटा आहे. तेथे मोल आधी हाती येते, काम मागाहून होते, आणि कपात अशी कधी होतच नाही. जे काही कापावयाचे ते मजुराच्या नावावरील येण्यात वाढविले जाते. वजावटीला कर्जाचे रूप आले की ती वजावट म्हणून कोणाच्याच दृष्टीस पडत नाही, मजुराच्याही नाही. मध्यस्थामार्फत होणाऱ्या कामाच्या करारांत मजुरीच्या अटी संदिग्ध का राहतात, ह्या प्रश्नाचा उलगडा ह्या एका उदाहरणावरून बराचसा होतो, अशी आमची समजूत आहे.

प्रथम कराराची साखळी पाहू. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५० मध्ये गाळप सुरू केल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने झपाट्याने वाढले. त्यांना लागणारे तोडणी मजूर बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून येत राहिले. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ विशेष वाढला. ह्या मजुरांचा कारखान्याशी प्रत्यक्ष करार नसतो. कारखाना वाहतूक ठेकेदाराशी करार करतो व त्यास आगाऊ रक्कम देतो. ठेकेदार मुकादमाशी करार करतो. आणि मुकादम टोळीतील प्रत्येक ‘कोयत्या’ला उचल देतो. कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे. नवरा-बायकोच्या जोडीस एक कोयता म्हणतात आणि एकट्या मजुरास अर्धा. ह्या तीन करारांपैकी पहिला बहुधा छापील असतो, दुसरा मुद्रांकावर लिहिलेला असतो, आणि तिसरा पुष्कळदा तोंडीच असतो किंवा कोऱ्या मुद्रांकावरील अंगठ्याच्या स्वरूपात असतो. कागद जसजसा खाली उतरतो तसतसा त्यावरील मजकूर कमी होतो.

मजुरीचा दर गुप्त असतो असे मात्र म्हणता येणार नाही. तो साखर संघ व तोडणी मजुरांच्या संघटना ह्यांच्या वाटाघाटींतून ठरतो आणि वर्तमानपत्रांत छापून येतो. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या समझोत्यात दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. टनामागे सुमारे २७४ रुपयांचा दर ३६६ रुपयांच्या आसपास गेला आणि मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. हे कमिशन मजुरीच्या वर, स्वतंत्रपणे द्यावयाचे असते. पण मजुरी आणि कमिशन ह्या दोन्ही रकमा वरून एकाच हाती येत असल्यामुळे त्यांच्यामधील रेघ टोळीतील माणसास दिसत नाही. दर माहीत आहे, पण दराला ज्या संख्येने गुणावयाचे ती टनांची संख्या मजुराच्या हाती नाही. उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते. त्याची पावती वाहनमालकाकडे, शेतकऱ्याकडे व कारखान्याच्या शेतकी खात्याकडे जाते. ज्याने तो ऊस तोडून मोळ्या बांधल्या आणि डोक्यावरून ट्रकमध्ये चढविल्या, त्याच्याकडे ती जात नाही. त्यास मुकादमाच्या वहीतील आकडा मानावा लागतो. दहा कोयत्यांच्या टोळीने दिवसाला वीस टन ऊस तोडला आणि वहीत एकोणीस लागला, तर प्रत्येक कोयत्याचे त्या दिवशी ३६ रुपये ६० पैसे बुडतात. ही रक्कम कोणाच्या डोळ्यात भरण्यासारखी नाही. १२० दिवसांच्या तोडणीत तिचे ४,३९२ रुपये होतात.

हा तोडणीचा खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हेही येथे नमूद केले पाहिजे. उसाचा रास्त व किफायतशीर दर कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचविलेल्या उसासाठी असल्यामुळे तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना शेतकऱ्याच्या बिलातून वजा करतो. म्हणजे एकाच रकमेचा उल्लेख शेतकऱ्याच्या बिलात वजावट म्हणून होतो, कारखान्याच्या हिशेबात खर्च म्हणून होतो, ठेकेदाराच्या हिशेबात जमा म्हणून होतो. फक्त जिच्या नावाने ती रक्कम निघाली त्या मजुरीच्या मालकाकडे तिचा कागद नाही.

आता एका कोयत्याचा हिशेब उदाहरणादाखल मांडू. आकडे कल्पित असले तरी व्यवहारातील प्रमाणास धरून आहेत. समजा, उचल १,००,००० रुपयांची घेतली. १३० दिवसांच्या हंगामात जोडीने १२० दिवस काम केले व दररोज दोन टन ऊस तोडला. एकूण तोड २४० टन. ३६६ रुपये दराने मजुरी ८७,८४० रुपये. हंगाम चालू असताना पीठ-मीठ, तेल, औषधपाणी ह्यांसाठी मुकादम आठवड्याला ‘खर्ची’ देतो. ती आठवड्यास हजार रुपये धरल्यास १९ आठवड्यांची १९,००० रुपये होते व खात्यावर चढते. दहा दिवस काम चुकले, त्याचा खाडा दिवसास ५०० रुपयांप्रमाणे ५,००० रुपये. नावे पडलेली रक्कम १,२४,०००, जमा ८७,८४०. बाकी ३६,१६० रुपये. उचल साठ हजारांचीच असती तर हाच कोयता ३,८४० रुपये घेऊन घरी गेला असता, हे खरे आहे. तेव्हा सारेच मजूर कर्जात परततात असे विधान करणे चुकीचे होईल. पण मूळ मुद्दा निराळा आहे. ह्या दोहोंपैकी आपली गत कोणती, हे मजुरास हंगामाच्या मध्यावर सांगता येत नाही. कारण टन, खर्ची आणि खाडा ही तीनही खाती दुसऱ्याच्या वहीत आहेत. आणि बाकी निघाली तर ती पुढील वर्षाच्या उचलीत मिळविली जाते. तेथून पुढे मजुरी कोणत्या वर्षाची आणि कपात कोणत्या वर्षाची, हे वेगळे काढणे हिशेबनिसासही कठीण.

खाड्याचा विचार थोड्या विस्ताराने केला पाहिजे, कारण ह्या करारातील अनीती म्हणा अथवा तर्कदोष म्हणा, तो येथे सर्वांत स्पष्ट होतो. कामावर न आलेल्या दिवसाचा दंड तो खाडा. काळावर दिल्या जाणाऱ्या मजुरीत गैरहजर दिवसाचे पैसे कापणे न्याय्यच आहे, कारण महिन्याचा पगार ठरलेला असतो आणि न केलेल्या कामाचा भाग त्यातून वगळावयाचा असतो. पण तोडणीची मजुरी नगावर, म्हणजे टनावर आहे. जो दिवस चुकला त्या दिवशी टन निघाला नाही, आणि टन निघाला नाही म्हणून मजुरीही पडली नाही. वरील उदाहरणात एका दिवसाची ७३२ रुपयांची मजुरी अशी आधीच गेलेली आहे. त्यावर ५०० रुपयांचा खाडा म्हणजे चुकलेल्या दिवसाची किंमत १,२३२ रुपये झाली. केलेल्या दिवसाची किंमत ७३२ आणि न केलेल्याची १,२३२, असे हे गणित आहे. उलट कारखान्याचे यंत्र बिघडले, पावसाने फडात चिखल झाला, ट्रक वेळेवर आला नाही, तर त्या दिवसाची भरपाई मजुरास मिळत नाही. मजुराच्या अनुपस्थितीस किंमत आहे. गाळपाच्या अनुपस्थितीस नाही. मजुरीचे माप कामावर धरावयाचे की काळावर, हे करारात एकदा ठरले नाही, म्हणून ते प्रत्येक प्रसंगी देणाऱ्याच्या सोयीने ठरते. मजुरीच्या अटी ‘अस्पष्ट’ असणे ह्याचा व्यवहारातील अर्थ हाच होय.

ह्या खाड्याची किंमत पैशांतच भागली असे नाही. कोयत्याची मजुरी जोडीची असते, उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, आणि खाते त्याच्याच नावावर राहते. बाईच्या श्रमाचा स्वतंत्र आकडा वहीत कोठेही नाही. पण ती आजारी पडली तर खाडा मात्र लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला, तेव्हा तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने सांगितले आणि डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ह्या सर्वच स्त्रिया तोडणीच्या नव्हत्या, आणि शस्त्रक्रियेमागे वैद्यकीय व्यवसायातील लोभासारखी इतरही कारणे होती. एकाच कारणाने सर्व स्पष्टीकरण करण्याचा मोह अभ्यासकाने टाळावयास हवा. तथापि मासिक पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, हे कारण त्या भागातील बायका स्वतः सांगत होत्या. पाणी नाही, आडोसा नाही, अशा फडावर आणि पाचटाच्या कोपीत राहून दिवस चुकविता येत नसेल, तर वहीतील एका रकान्याचा शरीरावर काय परिणाम होतो, ह्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

मुकादम हा ह्या कथेतील खलपुरुष ठरविणे सोपे आहे. ते अचूक मात्र नाही. पुष्कळ मुकादम एके काळी स्वतः कोयता चालविलेले असतात. ठेकेदाराकडून घेतलेल्या रकमेस त्यांची जमीन किंवा सही अडकलेली असते. उचल घेऊन जोडी आलीच नाही, किंवा अर्ध्या हंगामात दुसऱ्या टोळीत गेली, तर तो तोटा त्यांच्यावर येतो. आणि स्वतः मुकादमानेच रक्कम घेऊन ठेकेदारास फसविले, अशा तक्रारीही दर वर्षी पोलिसांत होतात. साखळीतील प्रत्येक जण आपल्यावरची अनिश्चितता एक पायरी खाली लोटतो. कारखान्यास रोजचे गाळप हवे, म्हणून ठेकेदारावर खेपांचे बंधन. ठेकेदाराची गाडी रिकामी उभी राहू नये, म्हणून मुकादमावर टनांचे. आणि मुकादमास ते पुरे करावयाचे, म्हणून कोयत्यावर खाड्याचे. सर्वांत खालच्या पायरीवरील माणसास लोटावयास खाली कोणी नाही. म्हणून करारातील संदिग्धता ही निष्काळजीपणाने राहून गेलेली उणीव आहे, हे मत आम्हांस पटत नाही. अटी स्पष्ट लिहिल्या असत्या तर हंगामातील कोणता धोका कोणी सोसावयाचा हे लिहावे लागले असते, आणि तसे लिहिण्यात मजूर सोडून कोणाचाच लाभ नव्हता.

कायद्याकडे वळू. भारतात वजावटीचे पहिले सर्वंकष नियमन १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने झाले. त्यापूर्वी नेमलेल्या राजकीय श्रम आयोगापुढे गिरण्यांतील दंडाच्या तक्रारी आल्या होत्या; मुंबईच्या गिरण्यांत बिघडलेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची चाल होती. ह्या कायद्याने दंडाची कमाल मर्यादा रुपयामागे अर्धा आणा, म्हणजे सुमारे तीन टक्के, ठरविली. दंड कोणत्या कृत्यास ते आधी जाहीर केले पाहिजे, मजुराचे म्हणणे ऐकले पाहिजे, नोंदवहीत नोंद झाली पाहिजे आणि दंडाचा पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च झाला पाहिजे, अशा अटी घातल्या. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणाबाहेर असू नये, असेही सांगितले. नोकरी सुरू होण्यापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम पहिल्या पूर्ण वेतनकालाच्या वेतनातून वसूल करावी, आणि प्रवासखर्चासाठी दिलेली रक्कम मुळीच वसूल करू नये, हा नियमही त्यात होता. २०१९ च्या वेतन संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली, ही चौकट बहुतांशी तशीच ठेवली आहे. एकूण वजावट वेतनाच्या निम्म्याहून अधिक असू नये असे त्यात म्हटले आहे.

ह्या मोजपट्टीवर खाडा ठेवून पाहावा. वरील जोडीची २६ दिवसांची मजुरी १९,०३२ रुपये होते. तिचे तीन टक्के म्हणजे ५७१ रुपये. एका दिवसाच्या खाड्यानेच महिन्याच्या दंडाची मर्यादा जवळजवळ संपते. तरीही खाडा बेकायदा ठरत नाही, कारण तो वेतनातून कापलेला नसतो. तो येण्यात मिळविलेला असतो. वेतनच आगाऊ दिलेले असल्यामुळे ‘वेतनातून वजावट’ ही घटना घडत नाही, आणि कायद्याचा नियम ज्या क्षणी लागू व्हावयाचा तो क्षण येतच नाही. वाद निर्माण झाला की मजूर म्हणतो मजुरी, मुकादम म्हणतो कर्ज. आणि प्रकरण कामगार आयुक्ताकडे जाण्याऐवजी फसवणुकीच्या तक्रारीच्या रूपाने पोलिस ठाण्यात जाते.

मध्यस्थाची दलाली मजुरीवर द्यावयाची की मजुरीतून, ह्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामासंबंधीच्या खटल्यात विचार केला होता. तेथे किमान वेतन दिवसास ९ रुपये २५ पैसे होते. ठेकेदार ते जमादाराच्या हाती देत आणि जमादार माणशी एक रुपया दलाली काढून घेऊन ८ रुपये २५ पैसे मजुरास देत. न्यायमूर्ती भगवती व बहारुल इस्लाम ह्यांनी किमान वेतनाहून कमी मोलाने करावे लागणारे काम घटनेच्या २३ व्या अनुच्छेदातील सक्तीचे श्रम होय, असा निर्णय दिला. उपासमारीची सक्तीही सक्तीच, हे त्यामागील सूत्र. पुढे १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले : मजुरास सक्तीने राबविले जात असल्याचे दिसले की ते आगाऊ रकमेच्या बदल्यातच आहे, असे अनुमान करावे व ते खोडून काढण्याचा भार मालकावर राहावा. हिशेबाची वही ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच पुरावा द्यावा, हा ह्या निर्णयाचा आमच्या विषयापुरता अर्थ आहे आणि तो आजही पुरेसा वापरला गेलेला नाही.

ह्याहून आश्चर्यकारक तरतूद १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमात होती. कामाची मुदत संपल्यावर ठेकेदाराचे अगर मुख्य मालकाचे जे काही येणे मजुराकडे राहील ते नष्ट झाले असे समजावे, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. शिवाय विस्थापन-भत्ता व प्रवासखर्च ह्यांचीही सोय होती. उचलीची बाकी एका वर्षातून दुसऱ्या वर्षात वाहून नेण्याच्या प्रथेस ह्याहून थेट उत्तर कोणते? पण कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यासच लागू होता. बीडचा मजूर बेळगावकडील कारखान्यावर गेला, किंवा नंदुरबारचा भिल्ल मजूर बारडोलीकडे कोयता घेऊन गेला, तर त्याची बाकी कायद्याने मिटत होती. तोच बीडचा मजूर कोल्हापुरास गेला तर मिटत नव्हती. अंतर, काम, मुकादम सारे तेच. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ह्या कायद्याची जागा घेतली, परंतु आंतरराज्य ही अट कायम राहिली आणि विस्थापन-भत्ता गळाला.

मध्यस्थामार्फत काम देण्याची पद्धत औद्योगिक देशांतही वाढली आहे आणि तेथेही तक्रार ह्याच जातीची आहे. ब्रिटनमध्ये कामगार-पुरवठा संस्थेने सांगितलेला दर आणि मजुराच्या वेतनपत्रकावरील मूळ वेतन ह्यांत मोठे अंतर पडू लागले; कारण सांगितलेल्या दरातूनच मालकाच्या वाट्याचा राष्ट्रीय विमा, शिकाऊ उमेदवारीचा कर व मधल्या कंपनीचा नफा वजा होत असे. तेथील सरकारने ६ एप्रिल २०२० पासून असा नियम केला की करारावर सही होण्यापूर्वी मजुरास एक माहितीपत्रक द्यावे, आणि त्यात नमुन्यादाखल एक हिशेब दाखवावा : दर इतका, त्यातून ह्या ह्या वजावटी, हाती पडेल ते इतके. पत्रकाने वजावट कमी होत नाही, ती आधी दिसते एवढेच. पण वरील विवेचन ज्यांना पटले असेल त्यांना ‘आधी’ ह्या शब्दाचे महत्त्व सांगावयास नको.

आपल्याकडे असे पत्रक करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. कित्येक कारखाने उसाचे वजन होताच शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर त्याचा आकडा कळवितात. तोच संदेश टोळीतील प्रत्येक कोयत्यास, आणि कोयत्यातील दोघांनाही स्वतंत्रपणे, पाठविण्यास नवे यंत्र लागत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये जमविण्याची व्यवस्था झाली आहे, आणि मजुरांची नोंदणी व ओळखपत्रे हेही काम सुरू झालेले आहे. मात्र महामंडळाच्या योजना वसतिगृहे, आरोग्य, विमा अशा कल्याणाच्या आहेत. हिशेबाच्या वहीला अद्याप कोणी हात घातलेला नाही.

संशोधनाच्या दृष्टीने ती वहीच आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. तोडणी मजुरांवरील अभ्यासांत उचलीची रक्कम, कुटुंबाचे उत्पन्न, मुलांचे शिक्षण ह्यांच्या मुलाखतींवर भर असतो. मजुराने सांगितलेला बाकीचा आकडा त्याला सांगितलेलाच आकडा असल्यामुळे अशा मुलाखतींतून वहीचा एकतर्फीपणा पुन्हा आपल्या कोष्टकांत उतरतो. एकाच टोळीची एका हंगामातील मुकादमाची वही, ठेकेदाराची खतावणी व कारखान्याच्या काट्यावरील पावत्या ही तीनही साधने शेजारी ठेवून टनांचा मेळ घालण्याचे काम पदव्युत्तर प्रबंधास पुरेल एवढे आहे. वह्या मिळविणे कठीण आहे हे उघड आहे. पण मुकादमाशी हंगामात बोलू नये. उन्हाळ्यात, गावी, जुनी बाकी निघालेली व नवी उचल ठरावयाची असताना तो स्वतःच वही काढून बसलेला असतो.